जिभेची राखण

सुगलाआत्याशी गप्पा मारायच्या तर समोरच्यानं तोंड उघडायची गरज नसे. प्रश्न ती विचारायची आणि उत्तरही तीच द्यायची, तेही ज्याचं उत्तर त्याच्या आवाजात. सकाळी मी डोळे चोळत स्वयंपाकघराच्या दारात आलो की मागं वळूनही न बघता तिचं सुरू व्हायचं, "उठला का तम्मा? उठलो की आत्या. झोप लागली व्हय? कुटली झोप, डास लई हायत. चा टाकू? टाक, साखर जरा जास्तीची."

यातलं माझं एकही वाक्य मी बोललेलो नसायचो आणि एकही चुकलेलं नसायचं. माझ्या वाट्याची वाक्यं ती बारीक, किंचित रडक्या आवाजात म्हणायची. आपण खरंच असे बोलतो का, हे मी एकदा मोबाइलवर स्वतःचा आवाज टिपून तपासलं. बोलतो.

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आत्या आमच्या वडिलांची बहीण, पण तिचं निम्मं आयुष्य अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाला खेटून असलेल्या एका गावात गेलं. तिथून तिनं हा शब्द आणला आणि मला चिकटवला. पन्नाशी आली तरी घरात मी तम्माच. लग्न झालं असतं तर कदाचित बढती मिळाली असती.

तिच्या या सवयीतून सुटलेलं कुणी नव्हतं. कुकरनं शिट्टी दिली की ती म्हणायची, "का वरडतूस? शिजलं म्हणून वरडतोय. मग डाळ कच्ची का लागती? ते तू झाकण लवकर काढतीस म्हणून." संध्याकाळी टीव्हीवर कानडी मालिका लावायची आणि आवाज पार बंद करायची. मग सासू, सून, वकील, पोलीस सगळ्यांचं बोलणं एकटी करायची. शेजारच्या बायका आपापल्या घरचे टीव्ही सोडून आमच्याकडे यायच्या. त्यांच्या घरी आवाज ऐकू यायचा हे खरं, पण आमच्याकडची गोष्ट बरीच पुढं गेलेली असायची.

ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी मी तिला दवाखान्यात न्यायचो. खुर्चीत टेकल्या टेकल्या ती सुरू व्हायची, "मीठ कमी केलं का सुगलाबाई? केलं की डॉक्टर. खरं सांगा. लोणच्यात असतंय तेवढंच. लोणचं किती खाता? आता लोणच्याचा हिशेब कोन ठेवतंय?" डॉक्टर बिचारे हात बांधून ऐकायचे आणि तिचं संपलं की गोळ्या लिहायचे. एकदा बाहेर पडताना त्यांनी मला हळूच विचारलं, "माझा आवाज एवढा घोगरा आहे हो?" मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्या घरी या. तुमचं फारच सौम्य आहे."

ही सवय तिला लागली ती मामांमुळे. मामा म्हणजे तिचे यजमान. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो. मामा वीरभद्राचे पुरवंत होते. गावच्या जत्रेत, किंवा लग्नाआधी गुग्गुळाची मिरवणूक निघते तेव्हा, पुरवंत वाद्यांच्या गजरात वीरभद्राची स्तुती म्हणत नाचतात आणि अंगात भरून आलं की एक बारीक लांब सळई जिभेतून आरपार घेतात. त्याला शस्त्र घेणं म्हणतात. कुणाचा नवस असतो, कुणाचं घराण्याचं चालत आलेलं असतं. मी ते लहानपणी एकदाच बघितलं. म्हणजे सुरुवात बघितली. पुढचं मला लोक सांगतात. शस्त्र मामांनी घेतलं आणि आडवा मी झालो, तोही हलगीवाल्याच्या अंगावर, आणि त्याचा ठेका चुकला. गावात ती जत्रा अजून 'तम्मा पडला ती जत्रा' म्हणून ओळखतात.

शस्त्र त्याच दिवशी निघायचं, वर विभूती दाबायची, आणि मग मामांची जीभ भरून येईपर्यंत आत्याचा कारभार सुरू व्हायचा. घरात तिखटाची फोडणी बंद. जोंधळ्याच्या कण्या शिजवून, गार करून, गार ताकात कालवायच्या. प्रत्येक जेवणाआधी आणि जेवणानंतर मामांच्या हनुवटीला बोट लावून म्हणायचं, "आ करा." मामा निमूट तोंड उघडायचे. ती उजेडाकडे वळवून बघायची, जीभ आज कशी आहे ते स्वतःशी ठरवायची आणि मगच पुढचं काम. त्या दिवसांत कुणी भेटायला आलं तर मामांच्या वतीनं तीच बोलायची. "काय म्हणतोय पाऊस, शरणप्पा? पडंल की. बैल विकला म्हणं? विकला, म्हातारा झाला हुता." मामा शेजारी बसून असायचे. ती बरोबर बोलली तर डोळे मिटून उघडायचे. चुकली तर एक बोट वर करून हलवायचे. बोट फार वेळा हललेलं कुणाला आठवत नाही.

मामा मुळात अबोल. जीभ बरी झाल्यावरही त्यांच्या बोलण्यात फार फरक पडायचा नाही, त्यामुळे पुढं पुढं आत्याचं दोघांचं बोलणं वर्षभरच चालू राहिलं. ते गेल्यावर माझा थोरला भाऊ दादा, म्हणजे आत्याचा मल्लू, तिला सोलापूरला आमच्याकडे घेऊन आला. संध्याकाळी मामांच्या फोटोपुढं दिवा लावून ती विचारायची, "जेवला का? जेवलो की. काय हुतं? तुज्याच हातचं, आनी काय." आणि मग आम्हाला वाढायची.

आता पल्लवीचं सांगतो.

पल्लवी दादाची मुलगी. पुण्याला एका कंपनीत चित्रं काढायच्या नोकरीला. उन्हाळ्यात एके सकाळी ती न कळवता बसनं आली. तोंडाला ओढणी बांधलेली. सोलापूरच्या उन्हात तोंड बांधलेली मुलगी कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून आम्ही काही विचारलं नाही. वहिनी नेमक्या विजापूरला, त्यांच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेलेल्या. दादा दुकानाला निघण्याआधी जेवायला बसला होता. पल्लवीनं ओढणी सोडली, पाण्याचा घोट घेतला आणि कळवळून भांडं खाली ठेवलं.

"काय झालं गं? दाढ?" दादानं विचारलं. "दाखव बघू."

तिनं मान हलवली. दादा उठला. तिनं हळूच तोंड उघडलं.

जिभेच्या मधोमध चांदीच्या रंगाचा एक मणी होता. त्याच्याभोवती जीभ इतकी सुजली होती की तोंडात दुसऱ्याच कुणाची तरी ठेवल्यासारखी दिसत होती. मी लगेच खुर्चीत बसलो. जुना अनुभव होता, आणि या वेळी झेलायला हलगीवाला नव्हता.

दादाच्या कपाळावरची शीर उठली. त्याचं नळ-पाइपांचं दुकान. ज्या माणसानं उभा जन्म लोकांची गळती बंद करण्यात घालवला, त्याच्या पोरीनं स्वतःला भोक पाडून आणलं होतं. तो ओरडणार, एवढ्यात आत्या भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिनं ती जीभ बघितली आणि गप्प झाली. आत्या गप्प झाली, हे आधी आम्ही कुणी कधी बघितलं नव्हतं. दादासुद्धा थांबला.

ती आत गेली. हात धुऊन, तांब्याभर पाणी घेऊन आली. पल्लवीच्या दोन्ही पायांवर ते घातलं. कमरेच्या पिशवीतली डबी काढून तिच्या कपाळाला विभूतीची बोटं ओढली, आणि पाऊणशे वर्षांच्या त्या बाईनं वाकून नातीच्या पायांना हात लावला.

"अं! अं!" पल्लवी मागं सरकली.

"बोलू नकोस, ताण पडंल," आत्या म्हणाली. "कुनाचा नवस गं पल्लव्वा? वीरभद्राचा की आज्जी. आनी कुनाचा असनार? आमच्या ह्यांची आठवन ठेवलीस व्हय पोरी? ठेवली की."

पल्लवी नको-नको म्हणत मान हलवत होती, पण आत्याचे डोळे भरलेले होते, तिला दिसेना. आमच्या घरात जिभेतून काही आरपार गेलेलं असेल तर ते देवाचंच, दुसरं काही असू शकतं हे तिच्या डोक्यात यायला जागाच नव्हती. दादाची मात्र पंचाईत झाली. ज्या पायांवर आत्ताच पाणी पडलं त्या पोरीवर ओरडायचं कसं? त्यानं माझ्याकडे वळून सांगितलं, "तम्मा, हिला सांग. हे जोवर तोंडात आहे तोवर मी हिच्याशी बोलणार नाही." आणि अर्धं ताट ठेवून दुकानाला गेला.

पल्लवी त्याच्यामागं दारापर्यंत धावली. 'अप्पा' म्हणायला जीभ लागतही नाही. तरी तिच्या तोंडून ते निघालं नाही.

लहानपणापासून त्या दोघांचं फार होतं. दुकान बंद करून दादा घरी आला की पल्लवी त्याच्या खिशातले वॉशर, नट काढून फरशीवर चित्रं मांडायची आणि तो बूट न काढता बघत उभा राहायचा. त्या दोघांचं बोलणं तुटलं तर घरातला दिवा गेल्यासारखं होणार हे मला कळत होतं. पण मला काय करता येत होतं? मी निरोप पोचवणारा माणूस. तोही दिला नाही तरी आत्या पोचवायची.

मग सुरू झाली राखण. जीभ टोचून देणाऱ्या पुण्याच्या माणसानं पल्लवीला काय काय करायचं ते फोनवर पाठवलं होतं, ती ते आम्हाला दाखवायची. काही खाल्लं की चिमूटभर मीठ घातलेल्या कोमट पाण्यानं गुळण्या. सुजेला बर्फाचे लहान तुकडे. गरम नाही, तिखट नाही. नवा मऊ ब्रश. कुणाचं उष्टं भांडं नाही. मण्याला हात लावायचा नाही, तो दातांवर वाजवायचा नाही. आणि तोंड धुवायचं औषध आणायचं, पण दारूचा अंश नसलेलं. हे आणायला मी गेलो. मेडिकलमध्ये गर्दी होती. बाटली हातात घेऊन मी खात्री करायला मोठ्यानं विचारलं, "यात दारू नाही ना?" दुकानदार मला ओळखतो. म्हणाला, "नाही काका. बरं झालं सोडलीत." मी कधी धरलीच नव्हती, पण रांगेतल्या दोघांनी माझं अभिनंदन केलं, ते मी घेतलं.

आत्याचा आणि फोनमधल्या माणसाचा एकाच गोष्टीवर वाद होता. आत्याला जखमेवर विभूती लावायची होती आणि पल्लवी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरायची. शेवटी मी दोघींना दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिनं बघितलं, सूज या दिवसांत असते म्हणाली, पांढरट पाणी येतं तेही चालतं. ताप आला, पू झाला, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच यायचं. सूज उतरली की ही लांब दांडी बदलून आखूड बसवून घ्यायची, नाहीतर दात खराब होतील. आणि राख, हळद काही लावायचं नाही.

"ते काढायचं कवा?" आत्यानं विचारलं. या वेळी उत्तर तिच्याकडे नव्हतं म्हणून थांबली.

"काढायचं नाही आजी. तिला ठेवायचंय ना? मग ते असतानाच भरून येतं. कान टोचल्यावर येतो तसं."

आत्या रिक्षात स्वतःशी म्हणाली, "कानावानी. बरं. कानावानी तर कानावानी."

घरी आल्यावर तिनं विभूतीची डबी परत कमरेला खोचली आणि मिठाच्या पाण्याचा तांब्या हातात घेतला. घरात तिखट बंद. कण्या, गार ताक, दहीभात, दूध घालून कुस्करलेली भाकरी. स्वतःही तेच खायची. मामांच्या वेळीही तिनं असंच केलेलं. "जिभंची राखन करनाऱ्यानं तिखट खाऊ न्हाय," एवढंच कारण. दादानं ठेचा मागितला तर म्हणाली, "फोडनीचा ठसका पोरीला लागतोय. खोकली की जीभ दातात येती." दादानं निमूट दहीभात ओढला. सोलापुरात, उन्हाळ्यात, ठेच्याशिवाय. त्या आठवड्यात एका दुपारी मी भज्यांच्या गाडीवर गेलो तर तिथं तळलेली मिरची चावत दादा उभा. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो म्हणाला, "आत्याला बोलू नको." मी म्हटलं, "तूही." एवढाच त्या दिवसांतला आमचा संवाद, आणि त्यात आत्या नव्हती म्हणून फार थोडक्यात आटपला.

जेवताना मात्र ती असायची. एका टोकाला दादा, एका टोकाला पल्लवी. एक बोलणार नाही, एकीला बोलता येत नाही, आणि मधे आत्या.

"पल्लव्वा, ताक वाढू? वाढ की आज्जी." इथवर नेहमीचं. मग ती न थांबता दादाचा जाड आवाज लावायची, "रात्री झोप लागली का गं? लागली अप्पा, जरा ठनकत हुतं. बर्फ हाय का घरात? हाय की, काका आनतोय."

पहिल्या दिवशी दादानं तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. आत्यानं त्या बघण्याचाही अर्थ लावला. "भाकरी वाढ," दादाच्या आवाजात म्हणाली आणि वाढली.

तिच्या तोंडचा दादा प्रेमळ होता. कामाची चौकशी करायचा, लहानपणीच्या वॉशरच्या मोराची आठवण काढायचा. तिच्या तोंडची पल्लवी त्याला दुकानाचं विचारायची. मधेच पल्लवीचा मणी दातावर लागून 'टक' वाजला की आत्या दोघांनाही सोडून आपल्या आवाजात यायची, "वाजलं! आ कर." बघून झालं की परत गप्पा पुढं. हळूहळू दादा जेवण झालं तरी हात वाळवत बसून राहू लागला. आपण आज काय म्हणतोय ते ऐकायला.

पण खरा दादा गप्पच होता. वहिनींचा फोन आला की त्याच्या आवाजात "सगळं बरंय" एवढंच. पल्लवीची रजा संपत आली. ती अशीच पुण्याला गेली तर पुढं काय, हे मी मनातल्या मनात कितीदा तरी बोलून बघितलं, दोन्ही बाजूंनी. मला काही जमलं नाही.

एका संध्याकाळी पल्लवी दहीभात खात होती. तोंड आता मिटत होतं, गालाचा फुगा गेला होता. आत्या लसूण सोलत होती. मान वर न करता तिनं दादाचा आवाज लावला.

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ. असली पोरगी मला नको."

पल्लवीचा चमचा तिथंच थांबला. मी दादाकडे बघितलं. दादा आत्याकडे बघत होता. कुणी त्याच्या दुकानातून त्याच्याच नावानं खोटा माल विकावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

"मी असं नाही म्हणालो," तो म्हणाला.

"मग काय म्हनालास?"

"मी... सूज उतरली का, एवढंच."

"मला कशाला इचारतूस मल्लू? जिची जीभ हाय तिला इचार की."

दादानं ताटातला भात एकीकडून दुसरीकडे केला. मग ताटाकडेच बघत म्हणाला, "उतरली का गं?"

"अप्पा," पल्लवी म्हणाली. आधी एवढंच. मग, "उत-अली." र काही अजून तिला सापडत नव्हता.

हे आत्यानं मुद्दाम केलं, की तिला दादाच्या मनात खरंच ते वाक्य दिसलं आणि न्यायानं तेही बोलून टाकलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर तिनंच दिलं असतं, माझ्याच रडक्या आवाजात.

दादा उठून पल्लवीजवळ गेला. "दाखव." तिनं तोंड उघडलं. त्यानं चष्मा कपाळावर सारून आत बघितलं, आणि त्याच्यातला नळवाला जागा झाला. "हे बसवलंय कसं? आटे आतून आहेत की बाहेरून?"

"आतून."

"मग ठीक. बाहेरून असले की घासतं. धातू कुठला?"

"टायटॅनियम."

"गंजायचं नाही," दादा म्हणाला आणि दहीभाताला परत बसला. "आखूड दांडी बसवायला कधी जायचंय? मी येतो. कुणीही काहीही बसवून देतात."

मणी तोंडात असेपर्यंत न बोलायची शपथ त्यानंतर कुणाला आठवली नाही. दादा खरोखरच तिच्याबरोबर पुण्याला गेला आणि काढलेली लांब दांडी खिशात घालून आला. ती त्याच्या दुकानात एका डबीत आहे. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की काढून दाखवतो, "बघा, याला म्हणतात फिनिशिंग."

पुण्याला निघायच्या आदल्या दुपारी पल्लवी आत्याच्या मांडीशी बसली होती. मी पलीकडे पेपर वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो.

"आज्जी, नवस नव्हता गं."

"म्हाईत हाय."

"कधी कळलं?"

"दातांची बाई म्हनली काढायचं न्हाय, तवाच. द्यावाचं असतं तर त्याच दिवशी निगालं असतं की."

"मग माझ्या पायांवर पाणी घातलंस, पाया पडलीस, त्याचं काय?"

"ऱ्हाऊ दे. पाय धुतलं म्हनून काय बिगडलं? घानच हुतं." मग, "पर कशापायी केलंस?"

"आवडलं म्हणून. दुसरं काही नाही."

मला वाटलं आता ऐकायला मिळणार. पण आत्या नातीचे केस बोटांनी विंचरत राहिली.

"मी ह्यांना इचारलं हुतं एकदा. सासऱ्याचा नवस कवाच फिटला हुता. म्हटलं, आता दर साली कशापायी घेता? दुखतंय की. तर म्हनले, तेवढं चार दिवस तू माज्या वाटचं बोलतीस. ते ऐकाय लई बरं वाटतंय."

हे सांगताना तिनं मामांचा आवाज काढला नाही. स्वतःच्याच आवाजात सांगितलं.

गेल्या थंडीत आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं, पण त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. त्या दिवसांत आमच्या घरात इतकी शांतता झाली की कुकरचं काय म्हणणं आहे ते आम्हाला कळेनासं झालं. टीव्हीचा आवाज लावला तर सगळी पात्रं खोटं बोलल्यासारखी वाटायची.

पल्लवी पुण्याहून आली. तिनं कण्या शिजवल्या, गार केल्या, ताकात कालवल्या आणि आत्याला चमच्यानं भरवू लागली. भरवता भरवता तिनं सुरू केलं.

"आज्जी, गार झाल्यात का? झाल्यात की पल्लव्वा. मीठ बरोबर हाय? हाय, पर तुज्या आईपेक्षा कमीच."

आवाज हुबेहूब नव्हता. आत्या छताकडे बघत होती. पल्लवी थांबली नाही, आणि मला हळूहळू कळलं ती काय करतेय. ती मुद्दाम चुकीचं बोलू लागली. "आज्जी म्हणते, शेंगाची चटणी पुण्याचीच चांगली." आत्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "आज्जी म्हणते, तम्माकाकासाठी मुलगी ठरवली."

"हे खोडू नकोस आत्या," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

दादा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं कठडा धरला. "आत्या," तो म्हणाला, "म्हण की. 'मी असं न्हाय म्हनाले' म्हण. एकदा म्हण."

आत्या छताकडेच बघत राहिली. पल्लवीनं वाटी खाली ठेवली. रडू आवरताना तिला जबडा दाबायची सवय आहे. तिनं तो दाबला आणि मणी दातावर लागला. टक.

आत्याचे डोळे छतावरून खाली आले. तिचा डावा हात पांघरुणातून निघाला, एक बोट वर झालं आणि हललं. मग ते बोट हवेतून सावकाश, चाचपडत पुढं गेलं आणि पल्लवीच्या हनुवटीला लागलं.

पल्लवीनं तोंड उघडलं आणि चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. जीभ गुलाबी, निरोगी, आणि तिच्या मधोमध मणी. आत्यानं तो पुष्कळ वेळ बघितला. घाई नव्हती. आज जीभ कशी आहे ते तिनं नेहमीसारखं स्वतःशी ठरवलं असावं. मग डोळे मिटले आणि उघडले.

मी दादाकडे बघितलं तर त्याचंही तोंड उघडं होतं, तपासणीला उभा राहिल्यासारखं. माझंही असावं, कारण घसा कोरडा पडला होता.